चष्मा करून घेताना: साखळी दुकान आणि एकट्याचे दुकान

छोट्या व्यावसायिकाकडे आपुलकीने वागवतात आणि मोठ्या कंपनीच्या दुकानात कोणी विचारत नाही, असे सरसकट म्हटले जाते. हे म्हणणे तपासून पाहायला चष्म्याच्या दुकानाइतका योग्य धंदा मला दुसरा दिसत नाही. बहुतेक वस्तू कारखान्यातच पूर्ण होतात, आणि त्या नीट दाखवणे, खरे सांगणे व पैसे घेणे एवढ्यावर दुकानदाराचे काम संपते. चष्मा मात्र दुकानात अर्धामुर्धाच येतो. फ्रेम एकीकडून, काचा दुसरीकडून आणि नंबर तिसऱ्याकडून आलेला असतो. हे सगळे एका विशिष्ट चेहऱ्यावर बसवण्याचे काम आपल्यासमोर बसलेल्या माणसाला करायचे असते, आणि ते बिघडले तर उत्तम फ्रेम व महागडी काचही वाया जाते. लहानपणापासून जाड काचा लावणारी आणि चाळिशी लागल्यावर प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचे आणि जवळचे एकाच काचेतून दाखवणाऱ्या, काचांवर आलेली ग्राहक म्हणून मी दोन्ही प्रकारच्या दुकानांतून चष्मे करून घेतले आहेत. पुढचा अभिप्राय एखाद्या दुकानाविषयी नाही, या दोन व्यवस्थांविषयी आहे.

सेवेची तुलना करायची तर आधी काम काय असते ते समजून घ्यायला हवे, कारण ग्राहकाला ते सहसा कोणी सांगत नाही. चिठ्ठीवर लिहिलेला नंबर ही अर्धीच माहिती असते. दोन बाहुल्यांमधील अंतर, ज्याला दुकानात पीडी म्हणतात, ते मोठ्या माणसांत साधारण ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असते, आणि नाकाच्या मध्यापासून दोन्ही डोळे सारख्याच अंतरावर असतील असेही नाही. काचेचे केंद्र बाहुलीच्या समोर आले नाही, तर काच लोलकासारखी वागू लागते आणि प्रतिमा बाजूला सरकते. किती सरकते याचा हिशेब प्रेंटिसच्या नियमाने होतो: केंद्र जितके सेंटिमीटर चुकले असेल, त्याला काचेच्या नंबराने गुणायचे. उणे एकच्या काचेत तीन मिलिमीटरची चूक ०.३ प्रिझम डायॉप्टर (प्रतिमा सरकण्याचे एकक) भरते आणि बहुतेकांच्या ती लक्षातही येत नाही. उणे सहाच्या काचेत तीच चूक १.८ भरते, आणि डोळ्यांचे स्नायू दिवसभर ती सावरत बसतात. संध्याकाळी कपाळ जड होते आणि माणूस रात्री झोप नीट झाली नसेल असे समजतो.

काच डोळ्यापासून किती दूर बसते यालाही महत्त्व आहे. हे अंतर सामान्यतः १२ ते १४ मिलिमीटर धरले जाते, आणि चारच्या पुढच्या नंबराला त्यातला फरक जाणवू लागतो. उणे आठची काच नाकावरून घसरून चार मिलिमीटर पुढे आली, की डोळ्याला ती सुमारे उणे पावणेआठचीच होऊन बसते. म्हणजे ज्याचा चष्मा सतत घसरतो, त्याचा नंबर वाढलेला नसतानाही त्याला लांबचे अंधुक दिसू शकते, आणि अशा वेळी नवा नंबर काढण्याआधी नाकावरची पकड नीट करून पाहणे हे खरे काम असते. त्याला एक पक्कड लागते आणि समोरच्या माणसाचा चेहरा निरखायला थोडा वेळ लागतो.

प्रोग्रेसिव्ह काचेत हे सगळे आणखी नाजूक होते. बर्नार्ड मेतनाझ या फ्रेंच अभियंत्याने तयार केलेली व्हॅरिलक्स ही काच १९५९ मध्ये बाजारात आली आणि बायफोकलच्या काचेवरची ती आडवी रेघ हळूहळू मागे पडली. या काचेत वरच्या भागात लांबचा नंबर असतो, खाली जवळचा, आणि दोन्हींना जोडणारा एक अरुंद पट्टा मधून उतरतो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना मात्र थोडी विकृती राहतेच. ती कुठे आणि किती पसरवायची एवढेच काच घडवणाऱ्याच्या हातात असते. म्हणून या काचेवरचा एक ठरावीक बिंदू बाहुलीच्या बरोबर समोर यावा लागतो. तो खाली बसला तर वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते, वर बसला तर लांबचे पाहण्यासाठी मान खाली घालावी लागते. या उंचीचे माप फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवल्यानंतरच घ्यायचे असते, कारण माप घेऊन झाल्यावर फ्रेम हलवली तर त्या मापाला अर्थ उरत नाही.

साखळी दुकानांच्या पदरी पुष्कळ काही आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांच्याकडे फ्रेम भिंतीभर मांडलेल्या असतात, प्रत्येकीवर किंमत लिहिलेली असते, आणि कोणाच्या मागे न लागता त्या घालून पाहता येतात. ज्याला घासाघीस जमत नाही किंवा आवडत नाही, त्याला हा मोठाच दिलासा असतो. अमेरिकेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या लेन्सक्राफ्टर्सने सुमारे तासाभरात चष्मा हातात देण्याची पद्धत रूढ केली, आणि त्यापूर्वी दिवसेंदिवस वाट पाहणाऱ्या ग्राहकांचा त्यात खरोखर फायदा झाला. परतीचे नियम छापलेले असतात, पावती मिळते, आणि एका शाखेत घेतलेला चष्मा अनेकदा दुसऱ्या गावातल्या शाखेतही दाखवता येतो. साध्या, एकाच नंबराच्या आणि दोन-अडीचच्या आतल्या काचांसाठी मी साखळीत केलेले चष्मे निर्वेध वापरले आहेत. त्या नंबराला एक-दोन मिलिमीटरच्या चुकीने फारसे बिघडत नाही आणि यंत्र व वेग यांचा लाभ पुरेपूर मिळतो.

अडचण आली ती प्रोग्रेसिव्ह काचांच्या वेळी. एका मोठ्या साखळीच्या शाखेत मी फ्रेम निवडली, आणि तेथील तरुण कर्मचारी मुलीने टॅब्लेटच्या कॅमेऱ्याने माझी मापे घेतली. यंत्र चांगले होते, मुलगी नम्र होती. परंतु फ्रेम माझ्या नाकावर सैल होती आणि फोटो काढण्यापूर्वी मी ती सवयीने बोटाने वर ढकलली, हे तिच्या लक्षात आले नाही. यंत्राने जे माप घेतले ते वर ढकललेल्या फ्रेमचे होते. चष्मा आला तेव्हा तो आपल्या जागी खाली उतरला, आणि वाचताना मला हनुवटी उचलावी लागू लागली. मी परत गेले तेव्हा काउंटरवर दुसरा मुलगा होता. त्याने संगणकावर माझी नोंद उघडली, तक्रारीचा क्रमांक दिला आणि चष्मा मध्यवर्ती कार्यशाळेत पाठवला. काचा मागवल्याप्रमाणेच आहेत, असा शेरा घेऊन तो परत आला, आणि ते खरेही होते, कारण काचा त्या चुकीच्या मापाप्रमाणे अगदी अचूक बनल्या होत्या. त्यानंतर भेटलेल्या तिसऱ्या व्यक्तीने प्रोग्रेसिव्हची सवय व्हायला पंधरा दिवस लागतात असे सांगितले. हेही सर्वसाधारणपणे खरे आहे. फक्त माझ्या चष्म्याला ते लागू नव्हते, आणि ते ओळखण्यासाठी माझ्या चेहऱ्यावर चष्मा ठेवून कोणीतरी पाहायला हवे होते. नाकावरची पकड थोडी वाकवून बघता येईल का, असे मी विचारले, तेव्हा शाखेत फ्रेम वाकवण्याची परवानगी नसल्याचे उत्तर मिळाले.

तोच चष्मा घेऊन मी एका लहान दुकानात गेले. मालक स्वतः काम करतात आणि मदतीला एकच माणूस आहे. त्यांनी चष्मा हातात घेण्याआधी मला तो लावून काहीतरी वाचायला सांगितले. मी वाचत होते तेव्हा ते काचांकडे पाहत नव्हते, माझ्या हनुवटीकडे पाहत होते. "मान नेहमी अशीच वर करता, की या चष्म्यापासून?" एवढाच त्यांचा पहिला प्रश्न होता. मग त्यांनी चष्मा दिव्यासमोर धरून तिरका केला आणि काचेत काहीतरी शोधू लागले. प्रोग्रेसिव्ह काचेवर बनवणाऱ्या कंपनीने दोन अतिशय फिकट खुणा कोरलेल्या असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. उजेड विशिष्ट कोनातून पडल्याशिवाय त्या दिसत नाहीत. त्या सापडल्यावर त्यांनी पेनाने त्यांवर ठिपके दिले, काच कंपनीच्या छापील तक्त्यावर ठेवली आणि बाहुलीसमोर यायला हवा तो बिंदू फुलीने दाखवला. चष्मा पुन्हा माझ्या डोळ्यांवर चढवून त्यांनी मला आपल्या डोळ्यांत सरळ पाहायला सांगितले. फुली बाहुलीच्या बरीच खाली होती, आणि आरशात मलाही ते दिसले.

पुढचे काम त्यांनी बारीक पकडीने केले. नाकावरच्या दोन्ही गाद्या थोड्या जवळ आणल्या, त्यामुळे फ्रेम वर बसू लागली. मग काड्यांचा कोन बदलून काचांची खालची कड गालाकडे कलती केली, कारण वाचायचा भाग डोळ्याच्या जितका जवळ येतो तितका तो रुंद भासतो. एकदा लावून पाहिले, काढले, डाव्या कानामागची काडी जरा जास्त वाकवली, कारण माझा एक कान दुसऱ्याहून किंचित खाली आहे. आयुष्यभर चष्मा लावूनही ही गोष्ट मला तोपर्यंत कोणी सांगितली नव्हती. फुली बाहुलीसमोर आल्यावर त्यांनी ती पुसली आणि पुन्हा वाचायला दिले. हनुवटी जागेवर राहिली. या कामाचे त्यांनी पैसे घेतले, आणि ते घेतले याचे मला बरे वाटले. हे कौशल्याचे काम आहे. ते फुकटात, उपकार म्हणून, ओळखीखातर होत राहिले तर उद्या ते शिकायला कोणी येणार नाही.

या दोन अनुभवांतला फरक माणसांच्या स्वभावाचा होता असे मला मुळीच वाटत नाही. शाखेतली मुलगी कामचुकार नव्हती, आणि त्या मालकांचे बोलणे म्हणाल तर तुटकच होते. फरक अधिकाराचा होता. लहान दुकानात जो माणूस तक्रार ऐकतो, त्याच्याच हातात पक्कड असते, फ्रेम मोडली तर भरून द्यायची की नाही हेही तोच ठरवतो, आणि काम फसले तर पुढच्या आठवड्यात त्यालाच माझ्यासमोर उभे राहायचे असते. साखळीत ही कामे तोडून वाटलेली असतात: माप घेणारा एक, काच घासणारा दुसऱ्या गावातला, चष्मा हातात देणारा तिसरा, आणि नियम ठरवणारा असा कोणी, ज्याचे तोंड ग्राहकाला कधीच दिसत नाही. प्रत्येक जण आपापले काम बरोबर करतो आणि तरीही चष्मा चुकतो. व्यक्तिगत सेवा याचा मला समजलेला अर्थ हसून स्वागत करणे किंवा नाव लक्षात ठेवणे हा नाही. ज्याने ऐकले त्यालाच दुरुस्त करता यावे, आणि पुन्हा गेल्यावर तोच तिथे असावा, एवढाच तो आहे.

साखळ्यांनी हे मुद्दाम बिघडवले असेही म्हणता येत नाही. दुकान चालवण्याची त्यांची रीत मुळात वेगळ्या मालासाठी घडली. १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी पिगली विगली हे किराणा दुकान उघडले, आणि गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून माल उचलून गल्ल्यापाशी आणायचा हा प्रकार तिथून फोफावला. त्याआधी काउंटरमागचा माणूस यादी ऐकून एकेक वस्तू काढून देत असे. बंद पाकिटातल्या मालाला त्या माणसाची गरज नव्हती, तो गेल्याने भाव उतरले आणि कोणाचे फारसे बिघडले नाही. पुढे हीच रीत, म्हणजे कमीत कमी माणसे, ठरलेली वाक्ये, सगळीकडे सारखी मांडणी, अशा धंद्यांतही आली जिथे माल गिऱ्हाइकाच्या अंगावर, डोळ्यांवर, पायांवर बसवावा लागतो. तिथे काउंटरमागच्या माणसाला वगळता येत नाही. त्याला ठेवले जाते, पण त्याचे हात बांधून ठेवले जातात.

सेवा चांगली झाली की नाही हे वरिष्ठांना कळावे म्हणून साखळ्यांनी जी मोजमापे आणली, त्यांनीही हा गुंता सुटत नाही. चष्मा घेतल्यावर मोबाइलवर येणारा प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे: आमची शिफारस आपण मित्राला करण्याची शक्यता ० ते १० मध्ये किती? ही पद्धत फ्रेड रायकहेल्ड या व्यवस्थापन सल्लागाराने २००३ मध्ये मांडली. तिच्यात ९ आणि १० गुण देणारेच समाधानी धरले जातात, ७ आणि ८ देणारे तटस्थ धरले जातात, आणि ६ किंवा त्याखालचे नाराज समजले जातात. म्हणूनच काही ठिकाणी कर्मचारी ग्राहकाला आधीच विनवतात की कृपा करून दहाच द्या. मला त्या कर्मचाऱ्यांविषयी मनापासून वाईट वाटते. प्रश्न चष्मा घेतल्या दिवशी येतो, कपाळ दुखू लागते ते नंतर. आणि ज्याच्या नावावर ते गुण चढतात त्याला नाकाची गादी वाकवण्याची मुभा नसते. गुण खाली आले तर बोलणी तो खातो, नियम मात्र तसाच राहतो.

लहान दुकानातला माल वेगळा आणि अधिक अस्सल असतो, हा समजही टिकणारा नाही. लिओनार्दो देल वेक्किओ यांनी १९६१ मध्ये इटलीतील अगोर्दो या गावी चष्म्याच्या फ्रेमच्या धंद्यातली लक्झॉटिका ही कंपनी सुरू केली. या कंपनीने १९९५ मध्ये लेन्सक्राफ्टर्स, १९९९ मध्ये रे-बॅन हा चष्म्यांचा ब्रँड, २००१ मध्ये सनग्लास हट ही दुकानांची साखळी आणि २००७ मध्ये ओकली हा आणखी एक ब्रँड घेतला. २०१८ मध्ये व्हॅरिलक्स बनवणाऱ्या एसिलॉरशी तिचे विलीनीकरण पूर्ण झाले, आणि २०२१ मध्ये ग्रँडव्हिजन ही हजारो दुकानांची युरोपीय साखळीही त्याच छत्राखाली आली. म्हणजे काच, फ्रेम आणि दुकान हे तिन्ही एका घरातले असू शकतात, आणि एकट्याने दुकान चालवणारा चष्मेवाला अनेकदा त्याच घराकडून काचा मागवतो, ज्याच्या दुकानाशी त्याची स्पर्धा असते. त्याच्याकडे स्वतःचे असे जे उरते ते त्याचे हात, त्याचा वेळ आणि त्याने ठेवलेल्या नोंदी. लहान दुकानाचा चष्मा महाग पडला तर तो फरक याच गोष्टींचा असायला हवा, आणि त्या मिळत नसतील तर तो फरक देण्याचे काहीच कारण नाही.

कारण त्या पुष्कळदा मिळत नाहीत, हे दुसऱ्या बाजूचे सत्य आहे. लहान दुकान चांगले असते असे नाही. ते चालवणारा जसा असेल तसे ते असते. मी अशाही लहान दुकानांत गेले आहे जिथे पीडी मोजायला पट्टी नाकावर ठेवली गेली, डोळे कुठे पाहायचे हे सांगितले गेले नाही, आणि दोन्ही डोळ्यांचे अंतर निम्मे-निम्मे करून लिहिले गेले. भाव माणूस बघून सांगितला जातो. शिल्लक पडलेली फ्रेम 'तुमच्या चेहऱ्याला शोभते' म्हणून गळ्यात मारली जाते. काचेचे नाव विचारले तर 'कंपनीची आहे' एवढेच उत्तर येते, पावती मागितली तर कपाळाला आठ्या पडतात, आणि तक्रार घेऊन गेले तर जुन्या ओळखीचा भार आपल्यावरच टाकला जातो. साखळीतल्या कर्मचाऱ्याशी वाद घालणे सोपे असते, कारण नियम छापलेला असतो. ओळखीच्या दुकानदाराला काम चुकले आहे असे सांगणे अनेकांना जमतच नाही. ते तो चष्मा खणात ठेवतात आणि दुसरीकडे जातात, त्यामुळे त्या दुकानदाराला आपली चूक कधी कळतही नाही.

आपुलकीचीही एक काळी बाजू असते, तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. जिथे सेवा ओळखीवर चालते, तिथे अनोळखी माणूस रांगेत मागे राहतो. नव्याने गावात आलेला, वेगळी भाषा बोलणारा, साधे कपडे घातलेला ग्राहक लहान दुकानात आधी जोखला जातो, आणि साखळीतल्या दुकानात त्याला निदान इतरांसारखेच 'नमस्कार, या' ऐकायला मिळते. हे समान वागणे पाठ केलेले असेल, तरी ज्याला दुसरीकडे डावलले गेले आहे त्याला त्याची किंमत कळते. शिवाय एकट्याचे दुकान मालक आजारी पडला की बंद असते, आणि तो निवृत्त झाला की त्याच्या वहीतली आपली वर्षानुवर्षांची मापे त्याच्याबरोबर जातात. चांगल्या चष्मेवाल्याच्या स्मरणशक्तीवर विसंबून राहणे म्हणूनच धोक्याचे आहे. त्याने लिहून द्यावे.

मग कोणी कुठे जावे? फक्त वाचायला चष्मा लागणाऱ्याने, किंवा कमी आणि एकाच नंबराच्या काचा असणाऱ्याने साखळीत बिनधास्त जावे. तिथे निवड मोठी आहे आणि भाव उघड आहे. नंबर पाच-सहाच्या पुढे असेल, दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठे अंतर असेल, प्रोग्रेसिव्ह काचा पहिल्यांदाच घ्यायच्या असतील, किंवा चेहरा वा नाक प्रचलित फ्रेमच्या साच्यात बसत नसेल, तर माझ्या मते कसबी लहान दुकान शोधण्याचे कष्ट घ्यावेत. लहान मुलांच्या बाबतीत तर मी हे आग्रहाने सांगेन. मुलांचे नाक बसके असते, चष्मा घसरला की ती काचेच्या वरून बघतात आणि तक्रार करत नाहीत. ती वाढत असल्याने तीच फ्रेम दर थोड्या महिन्यांनी पुन्हा बसवून घ्यावी लागते. त्यासाठी जवळ, वारंवार जाता येईल असा आणि मुलाला ओळखणारा माणूस हवा. काच मात्र तिथेही विचारून घ्यावी. पॉलिकार्बोनेट सहजी फुटत नाही म्हणून मुलांना ती योग्य, पण तिचा अ‍ॅबे अंक (तो जितका कमी, तितके काच प्रकाशाचे रंग जास्त फोडते) सुमारे ३० असतो आणि साध्या प्लास्टिकच्या काचेचा ५८. त्यामुळे मोठ्या नंबराच्या पॉलिकार्बोनेटमध्ये कडेने पाहताना वस्तूंना रंगीत किनार दिसू शकते. हे आधी सांगणारा दुकानदार भेटला तर त्याला सोडू नये.

दुकान कसे आहे हे पैसे देण्याआधीच बऱ्यापैकी कळते. फ्रेम निवडून झाल्यावर समोरचा माणूस ती आधी तुमच्या नाकाकानांवर बसवतो आणि मग माप घेतो, की तशीच सैल ठेवून माप घेतो, हे पाहावे. पीडी दोन्ही डोळ्यांची वेगळी लिहितो का, तेही पाहावे. जुना चष्मा मागून घेऊन त्याची मापे तपासणारा माणूस चांगला, कारण तुमचे डोळे ज्याला सरावले आहेत ते त्याला जाणून घ्यायचे असते. चष्मा चुकला तर तो कोण बघेल, असे सरळ विचारावे. लहान दुकानात 'मीच' आणि साखळीत एखाद्या व्यक्तीचे नाव असे उत्तर आले तर पुढे जावे, आणि नुसता फोन क्रमांक पुढे केला गेला तर साध्या काचांपुरतेच त्या दुकानावर विसंबावे. साखळ्यांना यातले काही अशक्य आहे असे मला वाटत नाही. माप घेणाऱ्यानेच चष्मा हातात द्यायचा, आणि शाखेतल्या निदान एका शिकलेल्या माणसाला फ्रेम वाकवण्याचा व मोडल्यास बदलून देण्याचा अधिकार द्यायचा, एवढे केले तरी माझ्यासारख्यांच्या निम्म्या तक्रारी काउंटरवरच मिटतील.

चष्मा हातात आल्यावर, दुकान कोणतेही असो, दोन्ही डोळ्यांची पीडी, बसवण्याची उंची, काचेचे पूर्ण नाव आणि तिच्यावरचे कोटिंग हे सगळे पावतीवर लिहून घ्यावे, आणि तिथेच आरशासमोर उभे राहून काहीतरी वाचून पाहावे. हनुवटी वर जात असेल तर चष्मा डब्यात ठेवण्याआधी ते सांगावे.